पाखरांच्या वाट्याची ज्वारी

भाद्रपद अर्धा सरला की एखाद्या सकाळी असं ऊन पडतं की घरात बसवत नाही. पावसाने धुऊन काढलेलं, जरासं पिवळट, पाठीला चटका देणारं आणि तरी हवंहवंसं वाटणारं. अशा उन्हात मी आमच्या पालघरच्या इमारतीच्या गच्चीवर जुनी चादर अंथरते आणि पाखरांसाठी आणलेलं धान्य त्यावर ओतते. बोटांनी पसरते, मूठभर उचलते आणि नाकाशी नेते. खालच्या मजल्यावरची सुनीता कपडे वाळत घालता घालता हसते. "काकू, स्वतःच्या तांदळाला तरी कधी एवढं हुंगता का हो?"

नाही हुंगत. माणसाला काही बाधलं तर ते कण्हतं, चार जणांना सांगतं, डॉक्टरच्या दारात जाऊन बसतं. पाखरू नुसतं पंख फुगवून एका जागी बसून राहतं. म्हणून त्याच्या वतीने आपण हुंगायचं.

चांगल्या धान्याला वास असा नसतोच. असलाच तर ऊन खाल्लेल्या भिंतीसारखा, कोरडा. पण मुठीतून कधीतरी किंचित कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास येतो आणि मग माझी गच्ची, सुनीता, समोरच्या बाल्कन्यांना लावलेल्या कबुतरजाळ्या, सगळं विरघळून जातं. मी घिवलीला असते. साल सासष्ट-सदुसष्टचं. समोर समुद्र, त्याच्या अलीकडे सुरूची झाडं, त्याच्याही अलीकडे बांबूंवर टांगलेले बोंबील, आणि अंगणात पाय पसरून बसलेले माझे सासरे, मामंजी, ओंजळीत ज्वारी घेऊन.

आम्ही मूळचे सोलापूरकडचे. आमच्या ह्यांना तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर नोकरी लागली आणि लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी बोईसर स्टेशनावर उतरले. आयुष्यात तोवर मी एवढं पाणी एका जागी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चमकणारा तुकडा. इथे ते नजर जाईल तिथवर, आणि पिता मात्र येत नाही, याचा मला कितीतरी दिवस रागच येत होता. आम्ही जवळच्या घिवली गावात हिराबायच्या घराच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. हिराबाय मासे सुकवून बोईसरच्या बाजारात विकायची. नवरा आणि दीर होडीवर. चाळिशीची, काळीसावळी, कासोट्याचं लुगडं, आणि आवाज असा की पलीकडच्या आळीतली कोंबडी दचकावी. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "पोरी, म्हावरं खातस का नाय?" मी नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

त्या वर्षी माघात गावाकडे माझ्या सासूबाई गेल्या. शेत थोरले दीर बघायचे, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादांचं बिऱ्हाड मळ्यात, आणि गावातल्या घरात मामंजी एकटेच. ते चुलीपुढे बसून राहतात, विचारलं तर जेवलो म्हणतात आणि जेवलेले नसतात, असं कानावर आलं तेव्हा हे जाऊन त्यांना घेऊन आले. "चार दिवस राहतो," असं मामंजी दारातच म्हणाले. सोबत एक ट्रंक आणि नव्या ज्वारीचं पोतं. पोतं खांद्यावरून उतरवताना ते जपून उतरवलं, ट्रंक धाडकन टाकली.

ते बोलत नसत. अर्धी भाकरी खात आणि अंगणात जाऊन बसत. ह्यांच्या मनात एकच भीती होती आणि ती एकदा मला त्यांनी बोलून दाखवली. "त्या रिकाम्या घरात परत गेले तर अण्णा वर्ष काढणार नाहीत गं." त्यांना कसंही करून इथे रमवायचं, हे त्या हंगामाचं आमचं खरं काम होतं. बाकी बांधकामं सरकार करत होतंच.

त्यांना रमवलं ते कबुतरांनी.

वाडीतल्या जुन्या विहिरीच्या कपारींत कबुतरं राहायची. सकाळी ती आमच्या अंगणात उतरत. त्यांच्याबरोबर होले, चिमण्या, कधी लालसर चोचीच्या मुनिया. मामंजींनी एक दिवस पोत्यातली ओंजळभर ज्वारी आणून शेणाने सारवलेल्या जमिनीवर टाकली. नंतर मला कळलं की सासूबाई चूल पेटवण्याआधी पाखरांना दाणे टाकायच्या, रोज, कधी चुकल्या नाहीत. आणि मामंजी? ते जन्मभर हुरड्याच्या दिवसांत शेतातल्या माळ्यावर उभे राहून गोफण भिरकावणारे! पाखरांना हाकलणं हेच त्यांचं पाखरांशी नातं. नवराबायकोत यावरून थट्टा चालायची म्हणे. "तुम्ही शेतातनं हाकला, मी अंगणात बोलावते." आता बोलावणारी राहिली नव्हती, म्हणून हाकलणाऱ्याने तिचं काम हाती घेतलं होतं. हे त्यांनी कधी असं सांगितलं नाही. पण पहिली मूठ टाकताना ते खाली वाकले आणि दाणे हळूच पसरले, ते मी दारातून बघितलं आणि पदराने डोळे पुसून आत गेले.

कबुतरांनी पहिल्या दिवशी ज्वारीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती हिराबायच्या तांदळाच्या कण्यांवर वाढलेली. हिराबाय कमरेवर हात ठेवून हसली.

"बाबा, आमची पाखरं तुमचे गारगोटे नाय खानार!"

"गारगोटे?" मामंजींनी महिन्याभरात पहिल्यांदा मान वर करून कुणाला तरी उत्तर दिलं. "बाई, ह्या ज्वारीवर आमच्या सात पिढ्या जगल्या."

"जगल्या असतील. दात पडले असतील सगल्यांचे."

मामंजी हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ज्वारी पाट्यावर थोडी भरडून आणली. कबुतरांनी चाखली. आठवडाभरात ती अख्खे दाणे मिटक्या मारत खाऊ लागली आणि मामंजी भाकरी अख्खी खाऊ लागले. ह्यांनी मला डोळ्यांनीच खुणावलं. मी जास्तीची भाकरी थापली.

कधी कधी वाटतं, मी त्या सकाळी खरंच जगले की नुसत्या स्वप्नात पाहिल्या? सुरूतून येणारा वारा, त्यात मिसळलेला सुक्या जवळ्याचा उग्र वास, लांबून ऐकू येणारी बांधकामाची घरघर. रस्त्याने ट्रकमधून जाणाऱ्या मजुरांची हिंदी गाणी येत येत विरून जायची. आणि या सगळ्याच्या मधोमध कबुतरांचं ते घुमणं, एखाद्या रिकाम्या मडक्यात कुणी हळूच बोलावं तसं. मामंजी त्यात तासन् तास बसून असायचे. त्यांची सावली आखूड व्हायची, मग लांब. कुठे चाललो नाही, कुठून आलो नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

टंचाईचे दिवस होते. रेशनवर परदेशातून आलेला ज्वारीसारखा लाल मिलो मिळायचा. त्याच्या भाकऱ्या लाल, चिवट, घशाखाली न उतरणाऱ्या. मामंजी त्याला जनावराचा दाणा म्हणत. आणि म्हणूनच गावाहून आलेली ज्वारी ते सोन्यासारखी जपत. पावसाळा तोंडावर आला तसं त्यांनी बोईसरच्या बाजारातून बांबूची कणगी आणली. आतून-बाहेरून शेणमातीने लिंपली, तळाला कडुनिंबाचा पाला, वर ज्वारी, ज्वारीवर पुन्हा पाला, आणि मग तोंड मातीने गच्च लिंपून टाकलं. गावाकडे सगळे असंच करतात. तिथे अशी लिंपलेली ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. थोडी ज्वारी डब्यात बाहेर काढून ठेवली होती, त्यावर पाखरांचे पावसाचे दिवस निघाले. लिंपून झाल्यावर त्यांनी कणगीवर हात थोपटला, लेकराच्या पाठीवर थोपटावा तसा.

मग पाऊस आला आणि राहिला. कपडे वाळेनात, काडेपेटी पेटेना, मीठ बरणीत विरघळून गेलं. आमच्या सोलापूरकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो, इथे तो घरजावयासारखा ठाण मांडून बसलेला. भिंतीसुद्धा घाम फुटल्यासारख्या ओल्या. हवाच खारट आणि ओली, ती बांबूतून, मातीतून कशी आत शिरत होती ते आम्हा कोरड्या मुलखातल्या माणसांना कळायचं कुठून?

भाद्रपदात असंच ऊन पडलं आणि मामंजींनी कणगी फोडली. वास आधी आला. मग दिसलं. वरचे दाणे एकमेकांना चिकटून ढेकळं झालेले, त्यांच्यावर हिरवट-काळी बुरशी. खालीही सगळं कुबट. मामंजींनी कोपरापर्यंत हात घालून तळाचे दाणेही वर काढून पाहिले. शेवटी म्हणाले, "माणसाच्या कामाचं न्हाई राहिलं. पाखरांच्या कामी येईल."

यात त्यांचं काय चुकलं, ते मला आजही नीट सांगता येतं, कारण मीही त्याच मुलखातली. आमच्याकडे खराब धान्य म्हणजे किडकं धान्य. पोरकिडे लागलेलं, भोकं पडलेलं. ते पाखरांना टाकायचं, पाखरं दाण्याबरोबर कीडही आवडीने खातात आणि कुणाचं काही बिघडत नाही. बुरशी म्हणजे काय, ते आमच्या कोरड्या हवेने आम्हाला कधी शिकवलंच नव्हतं. शिवाय टंचाईच्या दिवसांत पोतंभर धान्य फेकायचं कुणाच्या हाताने? मामंजींनी ढेकळं फोडली, दाणे उन्हात वाळवले आणि अंगणात टाकले.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कबुतरं कमी आली. जी आली ती अंग फुगवून, मान आत ओढून विहिरीच्या काठावर बसून राहिली. जवळ गेलं तरी उडेनात. एक मानेवर हिरवी झाक असलेलं कबुतर होतं, मामंजींच्या अगदी पायापाशी येऊन टिपणारं. ते सकाळी पायरीशी मरून पडलेलं दिसलं.

मामंजींनी त्याला उचललं, धोतराच्या सोग्यात घेतलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. ट्रंकेत कपडे भरताना मी त्यांना पाहिलं.

"सूनबाई, मी जातो गावाकडं," ते म्हणाले. "ती टाकायची तेव्हा एक पाखरू मेलं न्हाई. माझ्या हातचं त्यांनाबी सोसंना."

हे कामावर. मी धावत शेजारच्या दाराशी गेले आणि हिराबायला रडत रडत सगळं सांगितलं. मला वाटलं ती येऊन दोन गोड शब्द बोलेल. ती आली ती भांडायलाच आली.

"जाताव कुठं?" दारातूनच तिचा आवाज. "तिकडं विहिरीवर अर्धी पाखरं आजारी पडलीत. ती कोन बघंल? आमी? आमाला मासळी उन्हात घालायची हाय!"

"बाई, माझ्यामुळंच..."

"तुमच्यामुलंच तर! म्हनून तुमीच बघायची. आधी ते धान्य हितनं हलवा. माज्या कोंबड्या खातील."

मामंजी हातातला सदरा ट्रंकेच्या झाकणावर ठेवून उठले.

दोघांनी मिळून ती सगळी ज्वारी सुरूच्या बनात खोल खड्डा करून पुरली. खड्डा भरताना मामंजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सासूबाई गेल्या तेव्हा ते रडले नव्हते, असं ह्यांनी मला सांगितलं होतं. हिराबाय खाली मान घालून माती लोटत राहिली. तिला सगळं कळलं होतं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

अंगण खरडून नवं सारवलं. परातीत दिवसातून दोनदा ताजं पाणी ठेवलं. आता खायला काय घालायचं? हिराबायने मोठ्या दिमाखात आपल्या कण्यांची पाटी आणली. मामंजींनी सवयीने दोन कण्या जिभेवर ठेवल्या आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, हे खारं हाय."

"खारं कसं असंल? भात हाय तो!"

"चाखून बघा की."

ती पाटी खारवलेल्या बोंबलांची होती. वर्षानुवर्षं मीठ प्यायलेली. हिराबायने कण्या चाखल्या, थुंकल्या, आणि मग एवढंच म्हणाली, "तरीच आमची कबुतरं विहिरीवरनं हालत नाय. पितात आपली, पितात." तिचा चेहरा इतका पडला की मामंजींना तिची समजूत काढावी लागली. माणसाला मीठ जेवढं चालतं तेवढं एवढ्याशा पाखराला कसं चालेल, हे दोघांनाही आधी सुचलं नव्हतं. मीठ हा तिच्या समुद्राचा दोष आणि बुरशी न ओळखणं हा आमच्या कोरड्या मातीचा. दोघं सारखीच चुकलेली म्हटल्यावर त्यांचं भांडण संपलं आणि काम सुरू झालं.

त्यानंतरची प्रत्येक सकाळ ही धान्य निवडायची सकाळ. हिराबायचं सूप, मामंजींची नजर. ज्याला जनावराचा दाणा म्हणून नावं ठेवली होती तोच लाल मिलो आता मामंजी निगुतीने पाखडू लागले, कारण कोरडा, टणक दाणा तेवढाच घरात होता. त्यातलं कुठल्याशा रानगवताचं काळं बी वेचून बाजूला काढायचे. दाणा दाताखाली फोडून बघायचे. कडक् वाजला तर ठीक, मऊ लागला तर पुन्हा उन्हात. बाजाराच्या दिवशी रानातल्या गावांतून येणाऱ्या बायकांकडून हिराबाय नाचणी आणायची, चिमण्या-मुनियांच्या चोचीला ती बरी. एकदा बोईसरच्या एका दुकानात पेरणीतून उरलेलं बियाणं स्वस्तात मिळत होतं. मामंजींनी मूठ भरली, उघडली आणि हाताला लागलेली गुलाबी पूड मला दाखवली. "हे किडं मारायचं औषध चोळल्यालं. पेरायचं, खायचं न्हाई, आन् खायाला घालायचंबी न्हाई." बाहेर येऊन त्यांनी नळावर कितीदा तरी हात धुतले.

आणि धान्य आणायचं ते अगदी थोडं. आठवड्यापुरतं. साठवायचं नाही. जन्मभर कणग्या भरून वर्षाची बेगमी करणाऱ्या माणसाला हे किती अवघड गेलं असेल! रोजचं रोज बघायचं, रोजचं रोज वेचायचं, उद्याचं उद्या. पण मला वाटतं, त्यानेच ते वाचले. ज्याला पुढचं वर्षच दिसत नव्हतं त्याला पुढचा आठवडा तरी दिसायला लागला.

विहिरीवरची कबुतरं हळूहळू सावरली. काही नाही सावरली. एका दुपारी पंखांचा फडफडाट झाला आणि एका आजारी जोडीतली मादी उडून आमच्या पडवीतल्या फळीवर येऊन बसली. त्या फळीवर हिराबायच्या घरच्या जाळ्यांचे जुने बुचाचे तुकडे पडलेले असायचे. मामंजी उठून उभे राहिले, दोन्ही हात अर्धवट वर उचललेले, जणू ती खाली पडेल. ती पडली नाही. तिने मान वाकडी करून खाली पाहिलं, आणि मामंजी खुदकन हसले. त्यांचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

आता आमच्या सोसायटीत कबुतरांना दाणे टाकायला मनाई आहे. त्यांच्या विष्ठेने दम्याचा त्रास होतो म्हणतात, आणि त्यात तथ्य असेलही, मी वाद घालत नाही. गच्चीवर येतात त्या चिमण्या आणि होले, त्यांच्यापुरतं बाजरी-नाचणी. दुकानात आता पाखरांचं खाद्य पाकिटात मिळतं, रंगीत चित्रासकट. मी तेही फोडून हुंगते. दुकानदार मला ओळखून आहे, तो आधीच हात जोडतो.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी दादा आले. अण्णांना घेऊन जायला. रब्बीची पेरणी तोंडावर आली होती, ज्वारीचं बी त्यांच्याच हाताने निवडून घ्यायचं होतं. दादा प्रेमळ माणूस, पण घाईतला. आल्या आल्या म्हणाले, "अण्णा, उद्याची गाडी. चला."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं. बापाला थांबा म्हणायचं तर थोरल्या भावाला दुखवायचं, आणि काही न म्हणावं तर ते रिकामं घर दिसत होतं. मला तर रडूच येत होतं. काय गंमत आहे बघा, डोक्यावर पदर सांभाळत सासऱ्याच्या समोर वावरायला कंटाळलेली मी, तीच मनातल्या मनात नवस बोलत होते.

मामंजी शांतपणे उठले आणि दादांना हाताला धरून पडवीत घेऊन गेले. फळीवर ती मादी बसलेली होती. ती जरा सरकली तेव्हा तिच्या पोटाखाली दोन पांढरी अंडी दिसली.

"आजारातनं उठलीय ती," मामंजी म्हणाले. "तिला मीच आजारी पाडलं होतं. आता पिल्लं निघतील, त्यांना पंख फुटतील. ती उडाली की येतो."

"किती दिवस लागतील?"

"म्हैना. फार तर दीड."

दादा मुरलेले शेतकरी होते. पेरणीतलं शेत, विणीतला जीव सोडून कुणाला ओढून न्यायचं नाही, एवढं त्यांना समजत होतं. ते एकटेच परतले.

दादांना शेतातली पाखरं माहीत होती, वर्षातून एकदा हंगामाला येणारी. कबुतरं विणीला हंगाम पाळत नाहीत, एक घरटं उडतं न उडतं तोवर दुसरं भरतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. हिराबायला ठाऊक होतं. ती त्या वेळी माझ्या शेजारीच उभी होती आणि लुगड्याचा पदर तोंडात कोंबून हसू दाबत होती. मामंजींना ठाऊक होतं का? मी कधी विचारलं नाही.

ती पिल्लं उडाली. दिवाळीनंतर फळीवर पुन्हा अंडी दिसली तेव्हा मामंजींनी मला हाक मारली. "सूनबाई, दादाला कळव. अजून जरा थांबावं लागंल." पोस्टकार्ड गेलं. मग संक्रांतीला एक गेलं, पाडव्याला एक. पुढे पुढे दादाच स्वतःहून लिहायचे, कबुतरांचं कसं काय चाललंय. आम्ही त्या दोन खोल्या सोडल्या नाहीत आणि मामंजींनी आम्हाला सोडलं नाही. ते पुष्कळ वर्षं जगले. तात्पुरते म्हणून, महिना-दीड महिन्यापुरते.

शेवटी एका सकाळी दादांना कार्ड नव्हे, तार करावी लागली. ते आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. रडून झाल्यावर ते पडवीत गेले, मीही मागोमाग गेले. फळीवर एक कबुतर बसलेलं होतं. आम्हाला बघून ते उडालं, आणि खाली दोन अंडी उघडी पडली.

दादांनी टाचा उंचावून ती नीट पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे अण्णा थाप मारत नव्हते."